मानसीच्या तारखा

आई गेल्याची बातमी मला मानसीनं दिली. पोटची मुलगी मी, इथं रत्नागिरीत. आणि खेडहून फोन करणारी ही सतरा वर्षांची, परकी पोर. कॉलेजला जाताना आईकडे डोकावली, तर आई खुर्चीतच... रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, इथंही हीच पुढे! लाज वाटते, पण खरं तेच आहे.

मानसीला आईवडील नाहीत. बालकल्याण समितीनं तिला खेडच्या एका जोडप्याकडे सांभाळायला दिलेलं. एसटी डेपोतली नोकरी संपल्यावर आईनं तिच्यासाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. तिच्या अभ्यासाचं बघायचं, आणि रत्नागिरीला समितीपुढे तारीख लागली की तिची बाजू मांडायची. माझ्याकडे यायचं म्हटलं की आईचे गुडघे दुखायचे; तारखेला मात्र पहिल्या एसटीनं हजर! दुपारी दोघी माझ्याकडे जेवायला. आमच्या घरात गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, लहानपणापासून माझी, तिला कुणी हात लावायचं नाही. ती आईनं माझ्यादेखत उचलून मानसीच्या ताटात घातली. माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू... पुढच्या तारखेला मी गाबोळी आधीच खाऊन बसले. शेहेचाळिसाव्या वर्षी!

आईची एक रीत होती. तारखेआधी मानसीला समोर बसवून तिला काय हवंय ते लिहून घ्यायची, तिलाच वाचून दाखवायची आणि समितीपुढे त्याबाहेरचा एक शब्द बोलायची नाही. दाभोळच्या काकानं तिला घेऊन जायचा अर्ज केला, तेव्हाही तसंच. मानसीला बारावी खेडलाच करायची होती. काकाकडे गेली असती तर शिक्षण तिथंच संपलं असतं. आईनं तीन तारखा ते लावून धरलं. जन्मात चार माणसांत तोंड न उघडलेली बाई हिच्यासाठी भांडत होती, आणि मी नुसती जळत होते.

दिवसकार्य उरकल्यावर मानसी आईची फाईल घेऊन माझ्याकडे आली. बुधवारी निकालाची तारीख होती आणि बोलायला आता कुणी नव्हतं. तुम्ही याल का, म्हणून विचारत होती. मी फटकन म्हटलं, माझा काय संबंध? ती उठली नाही. म्हणाली, एवढं माझ्यासाठी कशाला करता, असं मी आजींना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीला नर्सिंगला जायचं होतं. घरातल्यांनी तिचं लग्न ठरवलं आणि मी दारात उभी राहून ऐकत राहिले. तिच्यासाठी बोलले नाही गो मी."

सत्तावीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. आणि आईनं ते हिला सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलं?"

मानसी खाली बघत म्हणाली, "तुमच्यासमोर बोलायची त्यांना भीती वाटायची, मावशी."

बुधवारी मी गेले. समितीपुढे मानसीची बाजू मांडली. मानसी खेडलाच राहिली. फाईल आता माझ्या उशाशी असते. पान पान आईच्या किरट्या अक्षरानं भरलेलं, आणि सगळं मानसीचं. तिनं ती दोनदा परत मागितली. मी दिली नाही. बोललेलं सगळं तिला मिळालं, लिहिलेलं तरी माझ्याकडे राहू दे.