पाटावरच्या नवरदेवाच्या उंचीचा खांदा

आमच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका हट्टी माणूस मार्गासनीपासून वेल्ह्यापर्यंत दुसरा झाला नाही आणि त्यांच्याइतका देखणा फेटाही त्या पट्ट्यात कुणी बांधला नाही. दाजी नावाला शेतकरी होते. बैल धाकटा भाऊ हाकायचा, भातही तोच लावायचा आणि दाजी बांधावर बसून यंदा कुणाकुणाच्या पोरांची लग्नं निघतील याचा अंदाज घ्यायचे. लग्न कुणाच्याही घरचं असो, नवरदेव पाटावर बसला की दाजी त्याच्यापुढे उभे राहायचे आणि फेट्याचं एक टोक त्याच्या दातांत द्यायचे. त्यामुळे नवरदेवाची बोलती बंद व्हायची आणि दाजींना तेच हवं असायचं. एका वरबापानं मुहूर्ताची घाई केली, तेव्हा त्यांनी बांधत आणलेला फेटा शांतपणे उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "मुहूर्त तुमी बगा, डोकं मी बगतो," एवढंच म्हणाले. भोरच्या बाजारात तर अनोळखी माणसालाही थांबवून त्याचा वाकडा फेटा उतरवायचे आणि भर रस्त्यात नीट बांधून द्यायचे. तो बिचारा चोरी झाल्यासारखा चेहरा करून उभा असायचा.

अशा माणसाचा उजवा खांदा तिशीतच धरला. शेक झाले, निर्गुडीचा पाला झाला, कुणी सांगेल ते लेप झाले. रात्री कुशीवर वळलं तरी दाजी दात आवळायचे, पण विचारलं तर म्हणायचे, "जरा आखडलाय." मग गुंजवण्याच्या एका लग्नात हात अर्ध्यावर आला आणि पुढे जाईचना. नवरदेवाच्या दातांत टोक, सगळा मांडव गप्प आणि दाजींच्या कपाळावर घामाचे थेंब. उरलेला फेटा त्यांनी डाव्या हातानं कसाबसा गुंडाळला आणि जेवायला न थांबता घरी निघून आले.  मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याबद्दल भीती वाटली.

नसरापूरपर्यंत बैलगाडी आणि पुढे मोटार, असं करत मी आणि बहीण त्यांना पुण्याच्या इस्पितळात घेऊन गेलो. डॉक्टर स्पष्टवक्ते होते. म्हणाले, "सांधा आतून पार झिजलाय, हाडावर हाड घासतंय. म्हातारे असता तर शेक घेत बसा म्हटलं असतं. पण तुम्हाला अजून अख्खा जन्म हा हात वापरायचाय. दोन्ही हाडं खरवडून एकमेकांना जोडून टाकू. दुखणं थांबेल, पण खांदाही थांबेल. कोपर, मनगट, बोटं चालतील. तो कुठे थांबवायचा एवढं ठरवा, कारण एकदा जोडला की बदलता यायचा नाही. बहुतेकांचा आम्ही घास तोंडाशी जाईल असा धरतो."

घरी आल्यावर ठरवण्याचं काम सुरू झालं. बहिणीनं जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी त्यांचा दंड बरगडीशी बांधायचा, मी पाटावर नवरदेव होऊन बसायचं आणि दाजींनी माझ्या डोक्याला फेटा गुंडाळून बघायचा. पट्टी कधी सैल, कधी घट्ट. माझी मान अवघडून गेली. हात खाली धरला की फेटा जमायचा, पण भाकरीचा तुकडा तोंडाशी पोचायचा नाही. वर धरला की उलटं व्हायचं. बहीण चिडली. "घासाचं बगा की आदी. मी काय जल्मभर भरवत बसू?"

"घासापाशी तोंड नेता येतंय," दाजी म्हणाले. "नवऱ्याचं डोकं छातीपातूर कसं आनू?"

ती चुलीपाशी बसून रडली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी हाताचं माप घेतलं. एका शिपायाला स्टुलावर बसवलं आणि दाजींचा हात त्याच्या डोक्यावर ठेवून कोन टिपून घेतला. दाजींना आत नेऊ लागले. दारात ते अचानक अडून बसले. पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, घाबरले.

"माप चुकलंय," ते म्हणाले. "स्टूल उंच हाय. आमच्यात नवरदेव पाटावर बसतो."

 डॉक्टर आता रागावून घरी पाठवणार, असं वाटलं. "पाट आणा," डॉक्टर म्हणाले. मी स्वयंपाकघराकडे धावलो. आचारी पाटावर बसून दुधी चिरत होता. त्याला उठवून पाट आणला, तर डॉक्टर स्वतःच त्यावर मांडी घालून बसले. दाजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, जरा खाली घेतला आणि थांबले. "हितं."

"हात तोंडाला पोचायचा नाही. पुन्हा सांगतो," डॉक्टर खालूनच म्हणाले.

दाजींनी बहिणीकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती. "त्ये म्हनत्यात तसं करा," ती म्हणाली.

पुढे कित्येक महिने दाजी प्लास्टरात होते. हात पुढे निघालेला, त्यामुळे प्रत्येक दारातून आडवे शिरायचे. हाड जुळेलच याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती आणि घरात तो विषय कुणी काढत नव्हतं. प्लास्टर कापलं तेव्हा आतला हात वाळका निघाला. डॉक्टरांनी दंड धरून हलवून पाहिला. खांदा हलला नाही आणि दाजी कण्हलेही नाहीत.

त्यानंतरचा पहिला फेटा माझ्या लग्नातला. मी पाटावर बसलो, दाजींनी टोक माझ्या दातांत दिलं आणि मांडव पुन्हा तसाच गप्प झाला. पीळ एकेक करून बसत गेले. तुरा काढून झाल्यावर त्यांनी तळवा क्षणभर माझ्या डोक्यावर ठेवला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडात टोक होतं.

तेव्हापासून दाजी जेवताना ताटावर वाकायचे, घासाला नमस्कार केल्यासारखे. स्वतःच्या डोक्याला मात्र त्यांचा हात पोचत नव्हता. त्यांचा फेटा रोज बहीण बांधायची आणि तो हमखास डावीकडे कलायचा. बाजारात कुणी हसलं तर, लोकांचे फेटे भर रस्त्यात उतरवणारे दाजी म्हणायचे, "असू द्या. तिनं बांदलाय."

दाजी गेले तेव्हा भावकीतले जाणते लोक फेटा नीट बांधायला पुढे झाले. बहिणीनं कुणाला हात लावू दिला नाही. तिनंच बांधला आणि थोडा डावीकडेच कलता ठेवला.