घरी सांगणार कोण

आमच्या कॉलेजातल्या चौघांच्या बँडचं पहिलं गाणं गाजलं, आणि त्याचे शब्द माझे होते. हे लिहितानाही मला थोडा संकोच वाटतो. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि गाणी रचणं हे तर बाबांचं काम. ते मुंबईला एका कँटीनमध्ये स्वयंपाकी आहेत, पण गणपतीत गावी आले की वाडीच्या जाखडी नाचाचे बुवा असतात. जाखडीत एक बाजू, म्हणजे पार्टी, गाण्यातून सवाल टाकते. दुसऱ्या बाजूच्या बुवाने गाण्यातूनच जबाब द्यायचा. जबाब नाही दिला, तर वाडीची मान खाली.

दुसऱ्या वर्षाला माझा संख्याशास्त्राचा पेपर गेला. बाबांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "निकाल लागायचाय." मग वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: 'गेला पेपर, गेला पेपर, घरी सांगणार कोण?'

बँडमधला ड्रमवाला माझ्याच वर्गातला. त्याने ते वाचलं आणि वही मागून नेली. त्याच्या काकांच्या शेडमध्ये, आंब्याच्या रिकाम्या पेट्या बाजूला सारून, त्यांनी गाणं रेकॉर्ड केलं. पळत सुटलेलं गिटार, भांडल्यासारखा आवाज, आणि तरी चाल अशी की डोक्यातून जात नाही. याला पॉप पंक म्हणतात, हेही मला त्याच्याकडूनच कळलं.

महिनाभरात मांडवीच्या जेट्टीवर मुलं ते एका सुरात ओरडत होती. एकदा मी बसले त्या रिक्षातही तेच लागलं. रिक्षावाले पन्नाशीचे असतील. मी विचारलं, "काका, तुम्हाला आवडतं हे?"

"माझा दहावीचा अजून सांगायचाय घरी," ते आरशात बघून म्हणाले.

मी उतरायची जागा विसरले. माझी लाज इतक्यांच्या तोंडी होती, आणि हसत मला कुणीच नव्हतं.

गणपतीला बाबा आले. वाडीतल्या मुलांच्या मोबाईलवर त्यांनी गाणं दोनदा ऐकलं.

"कुठल्या पार्टीचा सवाल गो हा?"

"पार्टी नाही बाबा, बँड आहे."

"असंल. जबाब कुणी दिला?"

"कुणीच नाही."

"सगळी गातात, आणि जबाब कोण देत नाय?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या घरापुढच्या खळ्यात जाखडी रंगली. एका पायात घुंगरू बांधलेले वाडीतले बाप्ये गोल फिरत होते. मध्येच बाबांनी कानावर हात ठेवला आणि ढोलकीला खूण केली. चाल आमच्याच गाण्याची होती, फक्त संथ.

'सांगणारं दारी आलं, गूळपाणी द्या गं आधी,
पेपर येतो फिरून पुन्हा, लेकरू येतं कधी?'

गोलातल्या सगळ्यांनी ते उचललं. मी दाराला धरून उभी राहिले. न विचारता, न कळता, बाबांनी मलाच उत्तर दिलं होतं.

ते दम खायला पायरीवर बसले, तेव्हा मी गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

"बाबा, तो सवाल माझा होता. पेपरही माझाच."

घुंगरू सोडणारा त्यांचा हात थांबला.

"कुठला इषय?"

"संख्याशास्त्र."

"त्यातलं मला काय कळणार, बाय." त्यांनी घुंगरू सोडून बाजूला ठेवले. मग त्यांनी तांब्या माझ्याकडे सरकवला. "आधी तू घे."