वीस वेळा चुकणारी मुलगी

“सर, सुनीताचं नाव काढून टाकतो. निवासी शाळेच्या परीक्षेले पाचच पोरं पाठवाचे हायेत,” मुख्याध्यापक म्हणाले. यादी दुपारी तालुक्याला, एटापल्लीला जाणार होती.

कारण माझ्या टॅबमध्ये होतं. गणिताचे खेळ बनवून शाळांत बसवणं हे माझं काम. डॅशबोर्ड, म्हणजे प्रत्येक मुलाचे गुण दाखवणारा तक्ता, सांगत होता: सुनीता, इयत्ता चौथी, सलग नऊ दिवस शून्य.

“थे रोज भोपळाच आणते जी!” मागून एक मुलगी ओरडली. वर्ग हसला. सुनीता खाली बघत राहिली.

मी तक्ता पुन्हा पाहिला. रोज वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. डोळे मिटून बोट ठेवलं तरी साधारण पाच उत्तरं बरोबर येतात. नऊ दिवसांत एकही बरोबर येऊ द्यायचं नसेल, तर उत्तरं माहीत असावी लागतात.

तशीच वीस गणितं मी तिला कागदावर दिली. एकोणीस बरोबर आली.

मुख्याध्यापक खुर्चीतून उठले. “काऊन वं? टॅबवर काय होते तुले?”

“बरोबर दाबलं का कासव जाळ्यात जाते.”

“तं?”

“आमच्या कुळाचा देव हाये थो. आमच्या घरी कासव कोणी धरत नाई.”

“अवं, चित्र हाये थे!”

“चित्रातलं बी कासवच हाये नं, सर. पहिल्या दिवशीच सांगतलं होतं. तुम्ही म्हणले, गपचूप खेळ.”

ते खाली बसले. अकरा वर्षं ते याच गावात होते. कुळाचा प्राणी मारायचा नाही, धरायचा नाही, हे त्यांना पाठ होतं. मला तेवढंही माहीत नव्हतं. खेळात आधी मासे होते. स्क्रीनवर बारीक दिसतात म्हणून कासवं मीच घातली होती. तिच्या कुळाचं वर्गात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे बाकीचे मजेत जाळी भरत होते.

सुनीताचं नाव यादीत गेलं. उन्हाळ्यानंतर ती निवासी शाळेत दाखल झाली. खेळातलं जाळं मी काढलं. आता बरोबर उत्तराला टोपलीत मोहफूल पडतं. ते घालण्याआधी वर्गातल्या प्रत्येक मुलाला विचारलं, हे चालेल का.

पाच गुणांचं मूल बहुधा अंदाजाने खेळत असतं. शून्यवाल्याला आधी भेटायचं. डॅशबोर्ड मी आता खालून वाचतो.