तिहेरी घडी

शहाद्याच्या हाडांच्या दवाखान्यात प्रतिभा सिस्टरच्या टेबलाला हात लावायची कुणाची टाप नाही. डॉक्टर हेमकांतसुद्धा लांबूनच बोलतात. गुडघ्याचं तुटलेलं लिगामेंट नव्यानं बसवायचं, तर मांडीमागच्या कंडरा काढून त्यांची दोरी, म्हणजे ग्राफ्ट, याच टेबलावर तयार होते. काम डॉक्टरांनीच शिकवलं. सरावाला बोकडाचे पाय लागले, तेव्हा माळकरी घरातल्या या गुजर सुनेनं ते दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर बसून शिवले. सासूबाई रंजनाबाईंना अजून पत्ता नाही. कुणी सांगायलाही जाऊ नये.

त्या दिवशी ऑपरेशनला रुपा होती. प्रकाशा गावची कबड्डीपटू पोर, चढाईत भल्याभल्यांना पाणी पाजणारी. एका पकडीत गुडघा फिरला आणि पाय भार घेईना.

डॉक्टरांनी दोन कंडरा काढून दिल्या. प्रतिभानं चिकटलेलं मांस पट्टीच्या कडेनं खरवडलं, दोन्हींची दुहेरी घडी घातली आणि मापाच्या भोकातून ओढली. सात मिलिमीटरच्या भोकातून ती सळसळत निघून गेली. एवढी बारीक दोरी चढाईच्या पहिल्याच झटक्याला दगा देणार.

“दुसऱ्या पायातून घ्यावी लागेल,” डॉक्टर म्हणाले.

धडधाकट पायाला चीर? प्रतिभाचं मन घेईना. “सर, मोठ्या कंडरेची तिहेरी घडी बसते का बघू?”

“आणि लांबीला कमी पडली तर?” त्यांनी स्वतः मापलं, परत मापलं. “काठावर बसेल. पण शिवण एकदाच, बरं का. उसवायला जागा नाही.”

तिनं शिवायला घेतलं. टाका घालायचा, ओढून बघायचा, मगच पुढचा. शेवटी आठच्या भोकातून दोरी घट्ट, अडत अडत गेली. डॉक्टरांनी ती गुडघ्यात ओढून बसवली आणि नडगी पुढे खेचून पाहिली. सांधा तसूभर सरकला नाही.

“पक्की!” ते म्हणाले. प्रतिभाला इतका अभिमान वाटला, की मास्कच्या आत ती एकटीच हसत राहिली.

निरोप द्यायला ती बाहेर आली. रुपाची आजी धनुबाई पाय घासूनपुसून, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून बाकावर तयारीनं बसली होती.

“सिस्टरबाई, मन्हा नंबर कव्हय? सकायपाईन चहा बी नही पिधा मी.”

“तुमना कसाना नंबर, आजी?”

“नस देवानी शे ना पोरले! मन्ही काढी ल्या. माले आते कोठे कबड्डीमा पयनं शे?”

एरवी असल्या बोलण्यावर खेकसणारी प्रतिभा तिच्याशेजारी टेकली. “आजी, रुपानीच नस तिले बसाडी. पुरी पडनी.”

धनुबाई जरा हिरमुसलीच म्हणा ना. मग तिनं लुगडं खाली सोडलं आणि समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसांकडे वळून ठणकावून सांगितलं, “आयकं का? मन्ही नातले कोनापाईन काही लेवानं काम नही पडनं!”