राहिलेली असर

कोराडीचं वीजकेंद्र तेव्हा नवंनवं होतं. सुभान तिथे फिटर. भट्टीपाशी काम करताना गडी कधी डगमगला नाही, पण नमाजेला लोकांच्या पुढे उभं राहायचं म्हटलं की त्याची पाचावर धारण बसे. आपली चूक आपल्यापुरती, इमामाची चूक मागच्या सगळ्यांच्या माथी. नको रे बाबा! अन् एकदा नेमके वसाहतीच्या मशिदीतले इमामसाहेब गावाला गेलेले. लोकांनी सुभानलाच पुढे ढकललं.

असरची, दिवस कलतानाची नमाज. अर्ध्यात आले अन् कामावर त्याच्या नडगीला झालेली जखम उकलली. रक्त घोट्यापर्यंत ओघळलं. रक्त वाहिलं की वजू, नमाजेआधी हातपाय धुऊन केलेली शुद्धी, तुटलं अन् नमाजही गेली, हे त्याला पक्कं ठाऊक. बाजूला व्हायचं, मागच्याला पुढे करायचं, इतकंच तर होतं! पण लोक काय म्हणतील, या भीतीनं शहाण्यानं नमाज तशीच पुरी केली अन् घर गाठलं.

बायकोनं, जैबुननं, रक्ताळलेला पायजमा पाहिला अन् त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. "काहून जी, असे बसून राहिले? जा, सांगून या लोकायले."

स्वतःची नमाज परत पढून सुभान दारोदार फिरला. "माह्या मागची झाली नाही, पुन्हा पढा." कोणी रागावलं नाही, कोणी हसलंही नाही. पण कोळशाचा एक ट्रकवाला नमाजेपुरता थांबला होता, तो केव्हाच निघून गेलेला. त्याची नमाज बुडाली, ती माझ्या मानेवर! सुभानला अन्न गोड लागेना. परत आल्यावर इमामसाहेब म्हणाले, "तुम्ही शोधलं ना? अल्लाह माफ करणारा आहे." पटेल तर शपथ! कामावरून सुटला की तो ट्रकांच्या रांगेत चेहरे न्याहाळत हिंडे.

ऐन उन्हाळ्यात तो माणूस भेटला. सुभाननं तोंड उघडायच्या आत तोच खुशीत म्हणाला, "चाचा! त्या दिवशी तुमच्या मागं किती वर्षांनी नमाज पढलो! तवापासून एक नाही सोडली."

सुभानच्या मनात आलं, आता याले कसं सांगू? ऐकून यानं पुन्हा सोडून दिली तर? अन् गप्प राहिलो, तर कयामतीला, हिशेबाच्या दिवशी, हाच माझा गळा धरील. त्यानं डोळे मिटले अन् सगळं सांगून टाकलं, रक्ताचं अन् भीतीचंही.

 ट्रकवाल्यानं खांद्यावरचा गमछा काढून जमिनीवर अंथरला.

"आधी माही राहिलेली पढून घेतो," तो म्हणाला. "अन् चाचा, आजची तुमीच पढवा."