दोन कुत्रे आणि शेवटची पोळी

बाबांची तेरवी आटोपली आणि आई कुहीचं गावचं घर सोडून आमच्याकडे शहरात, हुडकेश्वरला राहायला आली. सोबत बाबांचा कुत्राही आला. आमच्याकडे आधीच एक कुत्री होती, पाच वर्षांची आणि चांगली लाडावलेली. घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तरी मी काही बोलले नाही. त्या दिवसांत कुणी हत्ती आणला असता तर मी फक्त कुठे बांधायचा एवढंच विचारलं असतं.

चौथ्या दिवशी पहिली मारामारी झाली. आमची कुत्री स्वतःच्या रिकाम्या वाटीपाशी उभी राहून गुरगुरत होती. बाबांचा कुत्रा पाणी प्यायला तिच्या बाजूने गेला, तर तिने त्याचा कान फाडला. मग तोही तुटून पडला. नवरा धावत आला तेव्हा त्याला दिसलं ते एवढंच, की गावचा कुत्रा वर आणि आमची खाली.

"पुन्हा एकदा असं झालं तर याले कुहीले सोडून येऊ," तो म्हणाला. "तुहा चुलतभाऊ पाहून घेईन."

सुरुवात कुणी केली ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि तेवढंही मला तेव्हा जड झालं होतं.

कुत्र्यांच्या डॉक्टरांनी नियम सांगितले. दोघांना वेगळ्या खोल्यांत, दारं लावून खायला द्यायचं. पंधरा मिनिटांत वाट्या उचलायच्या. खाली कणभरही सांडू द्यायचं नाही. मी ते सगळं तंतोतंत करत होते. बाबा गेल्यापासून मला रडू येत नव्हतं, पण वाट्या घासायला येत होत्या. नातेवाईक म्हणायचे, पोरगी किती खंबीर आहे.

अडलं ते आईपाशी. तिच्या हिशेबी पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. सगळ्यांची जेवणं झाली की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हाताने पोळी पुढे करायची. कुहीच्या अंगणात जो येईल तो घेऊन जायचा. इथे दोघंही यायचे.

"आई, अशी नको देत जाऊ. वाटीत टाक, दार लाव."

"पन्नास वर्सं देऊन राहिली मी. ते का भीक आहे का वाटीत टाकाले?"

मी कपाळाला हात लावला आणि विषय सोडून दिला.

एका रविवारी नवरा बाहेर गेला होता आणि मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली आले तर फरशी ओली, नुकतीच पुसलेली. दोन्ही कुत्रे वेगवेगळ्या खोल्यांत बंद. आई पदराखाली हात घेऊन बसली होती. मला वाटलं, चला, एकदाची शिकली.

त्यानंतर पोळ्या जाड आणि वाकड्या होऊ लागल्या. मी त्यावरून टोमणाही मारला. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर ती डाव्या हाताने कणीक भिजवत होती. मी तिचा उजवा हात ओढला. तळव्यावर दोन खोल भोकं होती, हळदीने बुजवलेली.

"कोण चावलं?"

"कोनी नाही."

"आई!"

"तुही वाली चावली. मंग? सांगून का फायदा होता वं? जवाई त्यालेच पाठवतीन."

ते खरं होतं. नवऱ्याने त्यालाच पाठवलं असतं आणि मी उभी राहून पाहिलं असतं.

इंजेक्शनसाठी तिला ऑटोने दवाखान्यात नेलं. वाटेत ती म्हणाली, "म्हनशीन तं मीबी जातो त्याच्यासंगं कुहीले." भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात. मी ऑटोवाल्याला दवाखान्याचं फाटक दाखवलं.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं, पहिल्या मारामारीचंही.

"मंग तेव्हा काहून नाही बोलली तू?"

मी त्याचं ताट वाढायला घेतलं. त्यानंतर त्याने कुत्र्याला पाठवायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

आता आई पोळी हाताने देत नाही. स्वतःचं ताट आणि त्याची वाटी घेऊन ती आतल्या खोलीत जाते आणि कडी लावते. आम्ही बाहेर जेवतो. काल दुपारी मी तिच्यासाठी ताक घेऊन गेले. आतून तिचा आवाज येत होता. यंदा धानाचं कसं झालं, बांध कुणी फोडला, असं काहीबाही ती त्याला सांगत होती. माझ्याशी ती इतकं कधीपासून बोललेली नाही. मी दार वाजवलं आणि ती गप्प झाली.

"तुही कुत्री बांधली का वं?"

"बांधली."

दाराबाहेर आता फक्त मीच होते, तरी कडी निघेना. आत त्याच्या वाटीचा आवाज येत राहिला. त्याचं खाणं संपेपर्यंत ती दार उघडणार नव्हती. ताकाचा पेला धरून मी उभी होते, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी लख्ख कळलं. माझ्या आईला या घरात माझी भीती वाटते.