मृगाचं जाळं

गंगम्मा काकूला जेवताना खाली बसलेलं आमच्या घरात कुणी बघितलेलं नाही. ताट हातात, एक पाय उंबऱ्यावर, डोळे पाण्यापलीकडं. हणमंतकाका म्हणतात, "अगं बस की, भाकर काय पळून चालली का?" ती म्हणते, "बसतेच आहे," आणि परसात एक चक्कर मारून येते.

पलीकडं तिचं माहेर आहे, तेलंगणात. मधे धरणाचा फुगवटा. धरण त्यांच्या राज्यात, पण त्याचं पाणी मागं सरकत सरकत धर्माबादच्या अंगाला आमच्या गावापर्यंत आलेलं. खरा समुद्र आमच्यापैकी कुणी बघितला नाही, म्हणून आम्ही ह्यालाच समिंदर म्हणतो. आम्ही भोई. पलीकडचेही मासळीवरच जगणारे. नावेनं गेलं तर चहा निवायच्या आत माहेर. सडकेनं जायचं तर लांबून पुलावरून वळसा, दोन एस्ट्या, एक काळीपिवळी आणि वर पायपीट.

मागच्या पावसाळ्यात ती नाव बंद पडली. अंड्यावर आलेली मासळी धरू नये म्हणून आमच्यांनी जाळी गुंडाळली, तिकडच्यांनी गुंडाळली नाही. आमचे म्हणाले, आपण राखायचं आन त्यांनी खायचं का? मग आमच्यांनीही जाळी टाकली. मग एकमेकांची जाळी कापली. शेवटी नाव ओढून वर घातली, आणि काकूच्या भावानं फोन उचलणं सोडलं. त्याच दिवसांत काकूची म्हातारी आई न्हाणीत पडली. काकूला ते कळलं बाजारात, भेंडी विकणाऱ्या बाईकडून. तेव्हापासून तिनं एकच धरलं: बाकी काही होवो, नाव बंद पडता कामा नये.

उन्हाळ्यात पाणी आखडलं की मधे वाळूचा उंचवटा उघडा पडतो. यंदा तिथं दोन्ही काठांची बैठक तिनंच जमवली. इकडून आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन अण्णाराव, तिकडून तिचा धाकटा भाऊ पोशेट्टी, आणि दोन्ही राज्यांचा एकेक साहेब. आमच्या साहेबांच्या नकाशात पलीकडचं पाणी कोरं, त्यांच्या साहेबांच्या नकाशात आमचं. दोघं बराच वेळ एकमेकांच्या कोऱ्या जागेकडं आदरानं बघत राहिले. मग पोशेट्टीनं काठी घेऊन अख्खं समिंदर वाळूत काढलं. इथं तुमची जाळी, इथं आमची. मधून नावेची वाट. ह्या कडेला शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी, त्या कडेला गाळावरची टरबुजं. आणि मधल्या डोहात पावसाळाभर कुणीच नाही, कारण मासळी अंडी तिथं घालते.

"आणि बाकीची मासेमारी बंद कधीपासून?" आमच्या साहेबांनी विचारलं.

अण्णाराव बोलायच्या आधी घसा खाकरतात, टोपी काढतात, परत घालतात. "म्हंजे असं हाय बगा. आमच्याकडं सगळं मृगापासून. मृग निघाला की जाळं वर."

काकूनं ते तेलुगूत सांगितलं. पोशेट्टी म्हणाला, "सरे, अक्का. मृगाचं ठरलं."

इकडं खंडोबा, तिकडं मल्लन्ना, हळद दोघांची एकच. दोघांनी भंडारा उचलून शपथ घेतली. काकू उभीच होती. "दोन्हीकडचा जिम्मा माझा," ती म्हणाली.

मृगाच्या दिवशी सकाळी काठावर आरडाओरडा झाला म्हणून आम्ही पळत गेलो. पलीकडचं पाणी नावांनी भरलं होतं. पोरंसोरंसुद्धा जाळी टाकून राहिली होती, त्यांचं हसणं इकडं ऐकू येत होतं.

"बगा ह्यांचं इमान," अण्णाराव म्हणाले. "काय हणमंतराव, तुमच्या घरातून जिम्मा घेतला होता ना?"

काकांनी दोरी धरली आणि नाव वर ओढायला घेतली. पोरांनी हात लावला.

काकूनं भावाला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाव ते झाड, झाड ते नाव, तिच्या चकरा सुरू झाल्या. मग ती एकदम थांबली. ती थांबली तेव्हा मात्र मला भीती वाटली.

"अय्यो," ती म्हणाली. "आज तर मासा खायचा असतो."

"कुणी?" काकांनी विचारलं.

"आम्ही. तिकडं. मृगाला चुलीवर मासा नसला तर वर्षभर दुखणं मागं लागतं म्हणतात. लहानपणी ह्याच दिवसाची वाट बघायचो आम्ही." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "इथं मृग म्हणलं की पेरणी, पेरणी. ऐकून ऐकून मी इसरूनच गेले. आन तारीख माझ्याच तोंडानं सांगितली. नाव सोडा पाण्यात."

"उगं बस. तिकडं पोरं चिडलेली असली तर?"

"बसायचं ते तुम्ही बसा."

तिनं एकटीनं नावेला खांदा लावला. नाव हलेना. मग काका शिव्या देत, नावेला, तिला नाही, येऊन लागले ढकलायला.

ती गेली आणि तिची सवय आम्हा सगळ्यांना लागली. अण्णाराव बसले, उठले, टोपी काढली, घातली. काका घडीघडी गुडघाभर पाण्यात जाऊन परत येत. आमच्या पोरांनी जाळी खांद्यावर घेतलेलीच होती.

"टाकू का?"

"दमा," अण्णाराव म्हणाले. "ती येईस्तोवर दमा. खाली हात आली तर टाका, आन नाव कायमची वर."

ती आली, आणि तिच्या आधी चिंचेच्या कोळाचा वास आला. मागं पोशेट्टीची नाव. त्याचं जाळं गुंडाळलेलं, मांडीत माशाच्या कालवणाचं झाकलेलं पातेलं.

"बावा," तो काकांना म्हणाला; तिकडं दाजींना बावा म्हणतात. त्याची मराठी बाजारातली, प्रत्येक वाक्य भाव केल्यासारखं. "मृगाचं म्हणजे काय? आज मासा खायचा, उद्या जाळं बंद. लहान लेकराला म्हाईत."

"आम्हाला न्हाई म्हाईत. सांगायचं की."

"हे काय सांगतात, बावा? तुम्ही सांगितलं का, मृगाला पेरता म्हणून?"

"फोन तरी उचलायचा."

"हात मासळीचे होते."

"डोहात गेलता का, ते सांग," अण्णाराव म्हणाले.

पोशेट्टीनं शपथेला गळ्याला हात लावला. काकू म्हणाली, "डोहावरूनच आले मी. एक नाव न्हाई तिथं."

अण्णारावांनी पातेल्याकडं बघितलं. घसा खाकरला. "म्हंजे असं हाय बगा. भंडारा उचलला तो मासा धरायचा न्हाई म्हणून. खायचा न्हाई, असं कुठं म्हणलो?"

आमच्यातल्या काहींनी पातेल्याला हात लावला नाही. जाळी आपटून घरी गेले. बाकीच्यांनी काठावरच ताटं धरली. पुढल्या सालापासून मृगाच्या दिवशी दोन्ही काठांनी मासा खायचा आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही काठांनी राखायचं, असं ठरलं. भंडारा परत उचलला, ह्या खेपेला मासळीच्या हातांनी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पलीकडचं पाणी मोकळं दिसलं. काकूनं माझा हात धरला आणि थेट नावेत. आईकडं. निम्म्या वाटेत म्हणाली, "ए पोरी, अण्णाराव करून दाखव." मी घसा खाकरला, नसलेली टोपी काढली, घातली. ती इतकी हसली की नाववाला ओरडला, "काकू, खाली बसा, नाव हलून राहिली."

"बसलेच आहे की," काकू म्हणाली, पलीकडं बघत, अर्धी उठलेली.